ओटीपी, झेरॉक्स आणि शोधगंगा

सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी महाविद्यालयाची ग्रंथपाल आहे. विद्यार्थी डिजिटल साधनं कशी स्वीकारतात यावर परिषदा भरतात, शोधनिबंध निघतात. आमच्या देवघेवीच्या टेबलावरून ते रोजच दिसतं. सत्राच्या मधल्या एका सोमवारची ही नोंद.

सकाळी ७.००

एसटीत निम्मी गाडी आमच्याच पोरांची. कुणी रील बघतंय, कुणी पेंगतंय. बी.कॉम.ची एक मुलगी मात्र कानात हेडफोन घालून कॉस्टिंगचं गणित दीडपट वेगानं ऐकते आहे. वाटेत रेंज जाते, म्हणून व्हिडिओ रात्रीच डाऊनलोड करून ठेवलेला. घरी गेल्यावर फोन धाकट्या भावाच्या हातात जातो. त्यामुळे तिचा अभ्यास येता-जाता गाडीतच उरकतो. हे तिला कुठल्या कार्यशाळेत शिकवलेलं नाही. मामेबहिणीनं दाखवलं.

सकाळी ८.३०

ग्रंथालय उघडलं. दाराशी एक संगणक आहे, त्यावर पुस्तकांचा कॅटलॉग. लेखक टाका, शीर्षक टाका, पुस्तक कपाटात आहे की बाहेर गेलंय ते लगेच कळतं. पोरं त्याला वळसा घालून थेट माझ्यापुढे येतात. ‘मॅडम, ते निळ्या कव्हरचं अर्थशास्त्र द्या की!’ निळं कव्हर मला माहीत असतं, हीच खरी अडचण. मी पटकन पुस्तक काढून देते तोवर कॅटलॉगची गरज कुणाला पडणार?

सकाळी १०.००

आज गर्दी परीक्षा अर्जाची. अर्जात एबीसी आयडी भरायचा आहे. अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स ही योजना २०२१ सालची. मिळवलेले श्रेयांक एका खात्यात जमा राहतात, विद्यापीठ बदललं तरी सोबत येतात. खातं डिजिलॉकरमधून उघडायचं, आणि त्यासाठी आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येणार. इथंच घोडं अडतं. आधारला नंबर वडिलांचा आणि वडील पुण्यात बांधकामावर.

‘पप्पा, आत्ता एक मेसेज येईल. त्यातला आकडा सांगा. नाही, फोन कट करू नका, तसाच बघा!’

पप्पांना मेसेज कुठं उघडायचा ते सापडत नाही. शेजारचा मुकादम आकडा वाचून दाखवतो, तोवर मुदत संपते. तिसऱ्या खेपेला जमतं. साधन अवघड नसतं, त्याच्यामागची माणसांची साखळी लांब असते.

गंमत म्हणजे सक्तीनं उघडलेलं हेच डिजिलॉकर पोरं पुढे आपखुशीनं वापरतात. चौकात पोलिसानं अडवलं की लायसन्स तिथूनच दाखवता येतं, हे एकाला कळलं आणि सगळ्या वर्गाला कळलं.

दुपारी १२.००

ई-साधनांची वेळ. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटकडून महाविद्यालयांसाठी ‘एन-लिस्ट’ मिळतं. हजारो नियतकालिकं आणि लाखाहून अधिक ई-पुस्तकं, तीही घरबसल्या. प्रत्येकाला आम्ही युजरनेम-पासवर्ड काढून देतो. बहुतेक पासवर्ड पहिल्या दिवसानंतर वापरले जात नाहीत. मजकूर जवळपास सगळा इंग्रजी, आणि परीक्षेला त्यातलं काही विचारत नाहीत.

‘स्वयम्’चंही तसंच. केंद्र सरकारचं हे व्यासपीठ जुलै २०१७ मध्ये सुरू झालं. अभ्यासक्रम फुकट, प्रमाणपत्र हवं असेल तरच शुल्क भरून केंद्रावर परीक्षा द्यायची. नाव नोंदवणारे पुष्कळ, परीक्षेपर्यंत पोचणारे थोडे. उलट मुंबई आयआयटीचं ‘स्पोकन ट्युटोरियल’ आमच्याकडे चालतं. धडे छोटे आणि मराठीतही मिळतात. अर्ध्या स्क्रीनवर धडा लावायचा, अर्ध्यावर स्वतः करून बघायचं. बी.ए.ची मुलंसुद्धा त्यावर स्प्रेडशीट शिकली.

दुपारी १.३०

डबा खाऊन फाटकाबाहेर गेले. झेरॉक्सच्या दुकानात ही झुंबड. सरांनी वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलेली पीडीएफ मुलं दुकानदाराच्या नंबरवर पाठवतात, तो छापतो, स्पायरल मारतो. मग त्या कागदावर पेनानं खुणा होतात, खुणांचे फोटो निघतात आणि ते पुन्हा ग्रुपवर जातात. कागद आणि पडदा यांचं भांडण परिषदांत ऐकू येतं. इथं दोघांचा संसार सुखाचा चाललाय.

दुपारी ३.००

एम.ए. मराठीची विद्यार्थिनी प्रकल्प घेऊन आली. विषय ग्रामीण कथा. ‘शोधगंगा’वर देशभरातले पीएच.डी. प्रबंध मोफत वाचता येतात, हे ती आज पहिल्यांदाच बघते आहे. प्रबंध मिळाले, पण आत शब्द शोधता येईना. मराठीतले कित्येक जुने प्रबंध स्कॅन केलेले असतात. संगणकाच्या लेखी ती अक्षरं नव्हेत, चित्रं. पानं उलटत वाचण्याला पर्याय नाही.

तिनं पहिलं प्रकरण डीटीपीवाल्याकडून जुन्या फॉण्टात टाइप करून आणलं होतं. माझ्या संगणकावर उघडलं तर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. मी तिला फोनवर युनिकोड कीबोर्ड लावून दिला, गुगल डॉक्समध्ये बोलून टाइप करणंही दाखवलं. ‘अय्या, ळ पण बरोबर आला!’ जोडाक्षरं आणि विरामचिन्हं हातानं दुरुस्त करावी लागणार, तरी पानामागचे पैसे वाचले. उद्या तिच्या चार मैत्रिणी येतील, हे ठरलेलंच.

दुपारी ४.३०

टी.वाय.चा एक मुलगा पुस्तकाचं नाव लिहिलेली चिठ्ठी घेऊन आला. लेखक, प्रकाशक, वर्ष, सगळं व्यवस्थित. आमच्याकडे नाही, विद्यापीठाच्या कॅटलॉगमध्ये नाही, प्रकाशकाच्या यादीतही नाही.

‘कुठून मिळालं रे हे नाव?’

‘चॅटजीपीटीनं दिलं, मॅडम.’

पुस्तक अस्तित्वातच नव्हतं. मी रागावले नाही. त्याच्या मित्रांना बोलावलं आणि चिठ्ठीतलं पुस्तक सगळ्यांना शोधायला लावलं. सकाळी ज्या संगणकाकडे कुणी फिरकत नव्हतं, त्याच्याभोवती आता घोळका झाला. संदर्भ पडताळायचा कसा, हे त्या अर्ध्या तासात कळलं. कॅटलॉग कशासाठी असतो, हेही.

संध्याकाळी ६.००

रजिस्टर बंद. माणूस नवं तंत्र का स्वीकारतो, याचं एक प्रसिद्ध प्रतिमान अमेरिकी संशोधक फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये मांडलं: ते उपयोगी वाटलं पाहिजे आणि सोपं वाटलं पाहिजे. २००३ मध्ये वेंकटेश आणि सहकाऱ्यांनी, डेव्हिस त्यांत होतेच, आसपासच्या माणसांचा प्रभाव आणि हाताशी असलेल्या सोयी यांचीही त्यात भर घातली. आमच्या गावात ही भरच जास्त वजनाची. परिपत्रकानं खाती उघडतात; वापर सुरू होतो तो मामेबहिणीनं, मैत्रिणीनं किंवा शेजारच्या बाकावरच्यानं दाखवल्यावर.

म्हणून प्राचार्यांना आणि विद्यापीठाला एवढंच सांगणं: नवं पोर्टल घेण्याआधी पहिल्या वर्षाच्या वेळापत्रकात आठवड्याला एक तास ग्रंथालयाचा धरा, आणि त्या तासाला शिकवायला दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची मुलं उभी करा.