दरवर्षी नवा पलंग

तुळजाभवानीची मूर्ती चल आहे. भाद्रपदात घोर, दसऱ्यापासून श्रम आणि पौषात मोह अशा तीन निद्रांसाठी ती सिंहासनावरून पलंगावर निजवतात. म्हणजे हा पलंग नुसता शोभेचा नव्हे. पाषाणमूर्तीचा भार त्याला पेलावा लागतो.

तो घडतो मात्र मंदिर असलेल्या धाराशिव जिल्ह्याबाहेर, पुणे जिल्ह्यातल्या घोडेगावी. तिथून जुन्नर, अहिल्यानगरमार्गे पलंग निघतो. नवरात्रात भिंगारला त्याची नि बुऱ्हाणनगरच्या पालखीची भेट होते. ती पाहायला जत्रा लोटते. दसऱ्याच्या पहाटे सीमोल्लंघन. देवीला 108 साड्यांत गुंडाळून याच पालखीतून मंदिराला प्रदक्षिणा घालतात आणि मग नव्या पलंगावर ठेवतात, ती थेट पौर्णिमेपर्यंत. सुताराला एवढ्या कडक मुदतीचं गिऱ्हाईक दुसरं कुठलं मिळणार?