छापून आले म्हणजे खरे का?

आमच्या निरगुडसर गावात वाद कोणताही असो, त्याचा शेवट बहुधा एकाच वाक्याने होतो : "अरे, पेपरात आलंय!" माझ्या आजोबांना अक्षरओळख नाही, पण छापील कागदाला चुकून पाय लागला तर ते तो उचलून कपाळाला लावतात. घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच, त्यामुळे रोज पेपर वाचून दाखवण्याचे काम माझ्याकडे. छापील शब्दावरच्या या श्रद्धेचा उपयोग करून घेणारा एक व्यवसाय आहे. त्याचे नाव जनसंपर्क. गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी त्याचा थोडा अनुभव घेतला, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम जनसंपर्क म्हणजे काय ते पाहू. जाहिरात म्हणजे पैसे देऊन घेतलेली जागा. बातमी म्हणजे वार्ताहराने स्वतः पाहून, चार जणांना विचारून लिहिलेला मजकूर. जनसंपर्क या दोहोंच्या मधला. संस्था आपली माहिती प्रसिद्धीपत्रक काढून वृत्तपत्राकडे पाठवते आणि ती छापायची की नाही हे संपादक ठरवतो. साखर कारखान्याचा गळीत हंगाम केव्हा सुरू होणार, पतसंस्थेची वार्षिक सभा कधी, दुधाचा दर किती बदलला, हे आपल्याला पुष्कळदा याच मार्गाने कळते. यात गैर काहीच नाही.

या व्यवसायाचा पहिला नियमही चांगला होता. अमेरिकेतील आयव्ही ली या गृहस्थाने १९०६ साली कोळसा खाणमालकांचे काम पत्करले, तेव्हा त्याने वृत्तपत्रांना एक निवेदन पाठवले. आमचे काम गुप्त नाही, ते उघडपणे चालेल आणि दिलेली माहिती कोणीही तपासून पाहावी, असा त्याचा आशय होता. पुढे १९१४ च्या लडलो येथील खाणकामगारांच्या हत्याकांडानंतर याच लीने मालकांच्या बाजूने चुकीची माहिती पसरवल्याची टीका झाली. नियम सांगणे सोपे, पाळणे कठीण!

आपल्या महाराष्ट्रात याचे एक सुंदर उदाहरण आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते या समजुतीमुळे शेतकरी तो घेईनात. पुढे १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली आणि १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी तेथून 'किर्लोस्कर खबर' हे मासिक सुरू केले. नांगर काढणाऱ्या कारखान्याचे हे मासिक वाढत वाढत साऱ्या मराठी वाचकांचे झाले. त्यामागोमाग १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' निघाले. मला यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. कोण बोलतो आहे, हे त्या मासिकाच्या नावातच होते. कारखान्याने आपले तोंड झाकले नव्हते.

आता माझा अनुभव. पिकाचे टॉनिक विकणाऱ्या एका कंपनीच्या कचेरीत मी तीन आठवडे लिखापढीचे काम केले. एका शेतकऱ्याचा कांदा चांगला आला होता, त्यावर प्रसिद्धीपत्रक लिहायला मला सांगितले. त्याने बियाणे बदलले होते आणि ठिबकही केले होते. तेही मी लिहिले. साहेबांनी त्या दोन ओळींवर काट मारली. उरला तो मजकूर जाहिरातीच्या पैशांसह एका साप्ताहिकाकडे गेला आणि "आमच्या वार्ताहराकडून" अशा शब्दांनी छापून आला. त्याचे कात्रण व्हॉट्सॲपवर आमच्या गावापर्यंत पोचले. शेजारच्या काकांनी उधारीवर दोन बाटल्या आणल्या. "पेपरात आलंय म्हणून आणलं," म्हणाले.

कांदा दरवर्षीसारखाच निघाला. उधारी मात्र वाढली. मला राहवेना. मी काकांना सांगितले, की ती बातमी वार्ताहराची नव्हती, मीच लिहिली होती. काका म्हणाले, "तू लिहिली व्हतीस? मग खरंच असंल की गं!"

त्यावर मला काही बोलता आले नाही.

हे फक्त एका साप्ताहिकाचे दुखणे नाही. वृत्तपत्राच्या अंकाच्या किमतीतून त्याचा खर्च भागत नाही, तो जाहिरातींतून भागतो. म्हणून जाहिरातदाराचा शब्द मोडणे जड जाते. २००९ च्या निवडणुकांत उमेदवारांकडून पैसे घेऊन त्यांची स्तुती बातमी म्हणून छापल्याचे आरोप महाराष्ट्रातही झाले. प्रेस कौन्सिलच्या दोघांच्या उपसमितीने त्यावर सविस्तर अहवाल दिला. पण २०१० मध्ये कौन्सिलने त्याचा संक्षेपच प्रसिद्ध केला. पूर्ण अहवाल केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशानंतर २०११ मध्ये बाहेर आला. जाहिरात ही बातमीपासून स्पष्टपणे वेगळी ओळखता आली पाहिजे, असे कौन्सिलचे आचारनियम सांगतात. मात्र कौन्सिल समज किंवा ताकीद देऊ शकते, दंड करू शकत नाही. तेव्हा शेवटची राखण वाचकालाच करावी लागते.

ती कशी करावी? मजकूर वाचताना तीन प्रश्न विचारावेत. हे कोण सांगतो आहे? त्यात त्याचा फायदा काय? आणि कोणती गोष्ट सांगायची राहिली आहे? माझ्या बातमीत खोटा शब्द एकही नव्हता. फक्त दोन ओळी नव्हत्या.

जनसंपर्काचे काम वाईट आहे असे मी म्हणणार नाही. उद्या तशी नोकरी मिळाली तर मी आनंदाने करीन. फक्त मजकुराखाली कंपनीचे नाव ठळक अक्षरांत असावे, एवढा आग्रह धरीन. तोपर्यंत आजोबांना पेपर वाचून दाखवताना मी एक बदल केला आहे. आधी मजकूर कोणी दिला ते सांगते आणि मग बातमी वाचते. आजोबा अजूनही कागद कपाळाला लावतात, पण आता मधूनच विचारतात, "हे कुणी लिवलंय म्हनलीस?"