वनस्पतिजन्य पेप्टाइडे आणि यकृतातील मेद

यकृताच्या विकारामागे मद्यपान असावयाचेच, असा समज आपल्या समाजात फार दृढ आहे. त्यामुळे एखाद्या निर्व्यसनी गृहस्थाच्या सोनोग्राफीत ‘यकृतात मेद’ असा शेरा आला, म्हणजे घरची माणसेही त्याच्याकडे संशयाने पाहू लागतात. हा अन्याय होय. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या लुडविगप्रभृती डॉक्टरांनी १९८० सालीच अशा २० रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली, की ज्यांच्या यकृताच्या बिघाडास मद्य कारण नव्हते. अतिरिक्त आहार, बैठे जीवन, स्थूलता व मधुमेह ह्यांच्याशी ह्या विकाराचा निकट संबंध आहे, हे आता सर्वमान्य झाले आहे.

ह्या विकारावर वनस्पतिजन्य पेप्टाइडांचा उपाय निघाल्याच्या वार्ता हल्ली कानी येतात, व त्यांच्या पाठोपाठ नाना प्रकारची चूर्णे घरात येऊ लागतात. म्हणून त्यात तथ्य किती, ह्याचा विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रथम पेप्टाइड म्हणजे काय ते पाहू. अमिनो आम्ले ही अक्षरे मानली, तर प्रथिन हा एक लांबलचक समास होय. त्याचा विग्रह केला म्हणजे जी लहान लहान पदे सुटी होतात, ती पेप्टाइडे. समासात दडलेल्या पदाचा गुण बहुधा विग्रहानंतरच प्रकट होतो. हे काम आपल्या पोटात पाचक एन्झाइमे करितात. प्रयोगशाळेत सोयाबीन, मका, अक्रोड इत्यादिकांच्या प्रथिनांवर एन्झाइमांचीच क्रिया घडवून पेप्टाइडे मिळवितात.

यकृताशी त्यांचा संबंध असा. पेशींत मेद साठला म्हणजे त्याचे ज्वलन होताना ऑक्सिजनची अतितीव्र रूपे प्रमाणाबाहेर निर्माण होतात. लोखंडास गंज चढावा तशी ती पेशींची हानी करितात. दाह होतो, आणि पुढे काहींच्या यकृतात तंतू वाढून ते कठीण बनते. हिस्टिडीन, टायरोसीन ह्यांसारखी अमिनो आम्ले असलेली काही पेप्टाइडे ह्या तीव्र रूपांस शमवितात. काही तर पेशीची स्वतःची संरक्षणव्यवस्थाच जागी करितात. काचपात्रातील पेशींवर व उंदरांवर ह्याचे चांगले परिणाम दिसले आहेत, ही गोष्ट खोटी नव्हे.

परंतु उंदीर म्हणजे मनुष्य नव्हे. शिवाय तोंडाने घेतलेल्या पेप्टाइडाचा पोटात पुनः विग्रह होतो. पदाची अक्षरेच विखुरली, तर अर्थ कोठला राहणार? सेमाग्लुटाइड हे पेप्टाइडवर्गीय औषध यकृताच्या मेदजन्य दाहावर अमेरिकेत २०२५ साली मान्य झाले, ते शेकडो रुग्णांवर परीक्षा झाल्यानंतरच. तेही वनस्पतीपासून काढलेले नव्हे, आणि ह्या विकारात ते टोचून दिले जाते. वनस्पतिजन्य पेप्टाइडांस ही पायरी अद्याप चढावयाची आहे.

‘वनस्पतीच ती, अपाय काय करणार?’ असे म्हणणाऱ्यांस एक गोष्ट सांगावीशी वाटते. २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेलीच्या सेवनानंतर यकृतास इजा झालेल्या ६ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षास आक्षेप घेतला. तथापि वाद मिटेपर्यंत आपले यकृत पणास लावणे शहाणपणाचे नव्हे. वैद्याच्या अगर डॉक्टरांच्या संमतीवाचून कोणतेही चूर्ण घेऊ नये, आणि चालू औषध तर मुळीच सोडू नये.

मग तोवर करावे काय? स्थूल मनुष्याने शरीराचे वजन शेकडा ७ ते १० इतके उतरविले, तर यकृतातील मेद व दाह दोन्ही कमी होतात, हे मनुष्यांवरच सिद्ध झाले आहे. सत्तर किलोच्या गृहस्थास हे पाच ते सात किलो होतात. ते हळूहळू उतरवावे. नित्य चालावे, साखर व तळण आवरावे. वरण-उसळीतील प्रथिनांचा विग्रह आपले पोट विनामूल्य करीतच असते. घरच्या मंडळींनीही रुग्णावर संशय घेण्याचे सोडून, पंगतीत त्यास वाढताना आग्रह तेवढा आवरावा, एवढीच आमची विनंती आहे.