प्रशिक्षणार्थी विद्यार्थ्यांची खासगी माहिती आणि विद्यावेतनाची पात्रता

महाविद्यालयीन शिक्षण आणि प्रत्यक्ष काम यांची आलटून पालटून सांगड घालण्याची पद्धत १९०६ साली अमेरिकेतील सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी सुरू केली. भारतात तिचे जवळचे रूप म्हणजे शिकाऊ उमेदवारी. मूळ कायदा १९६१ चा. १९७३ च्या दुरुस्तीने पदवीधर व पदविकाधारक त्यात आले. २०२० मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवी अभ्यासक्रमातच शिकाऊ उमेदवारी समाविष्ट करण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. साहजिकच कामावर पाठवण्याची कागदपत्रे शिक्षकांच्या टेबलावर येऊ लागली.

राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण योजनेत पदवीधर व पदविकाधारकांच्या किमान विद्यावेतनाचा निम्मा भाग केंद्र सरकार उचलते. त्यासाठी वय, शैक्षणिक अर्हता, ओळख व बँक खाते पाहिले जाते. कुटुंबाचे उत्पन्न नव्हे. शिष्यवृत्तीचे तसे नाही. केंद्राने २००७-०८ पासून अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी जी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू केली, तिला वार्षिक उत्पन्नाची मर्यादा दोन लाख रुपये ठेवण्यात आली. तेथे उत्पन्नाचा दाखला लागतो आणि आपण कोणत्या समुदायाचे हेही सांगावे लागते. दोन योजनांचे प्रश्न वेगळे आहेत. महाविद्यालयात मात्र विद्यार्थ्याची फाईल एकच असते, आणि कारखान्याने कागद मागितले की पुष्कळदा त्या सबंध फाईलचीच झेरॉक्स जाते.

याचा परिणाम लहान गावात अधिक जाणवतो. डिचोली तालुक्यातील मुळगाव हे खाणपट्ट्यातील गाव. गोव्यातील खाणी २०१२ च्या सप्टेंबरात आणि पुन्हा २०१८ च्या मार्चमध्ये बंद पडल्या, तेव्हा खाणीवर आणि ट्रकवर चालणाऱ्या घरांची मिळकत एकदम आटली. समजा, अशा एका घरातील मुलगी डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत प्रशिक्षणाला गेली. तिचा उत्पन्नाचा दाखला तेथील कार्यालयात पाहणारा माणूस शेजारच्या वाड्यावरचा असू शकतो. शहरातील अनोळखीपणा थोडेफार झाकून घेतो. गावात ती सोय नाही. घरची ओढाताण तिठ्यावर पोचेल या भीतीने जो विद्यार्थी अर्जच करत नाही, तो हक्काच्या पैशाला मुकतो. नुकसान केवळ अब्रूचे नसते, ते असे.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला. २६ सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालात सरकारी अनुदानासाठी आधार मागणे वैध ठरले; खासगी कंपन्यांना आधार मागण्याची मुभा देणारी तरतूद मात्र त्या प्रमाणात रद्द झाली. पुढे २०१९ च्या दुरुस्तीने स्वेच्छेने आधार देण्याची वाट ठेवली. म्हणजे विद्यावेतनासाठी सरकारी पोर्टलवर आधार द्यावे लागणे वेगळे, आणि कारखान्याच्या कपाटात त्याची झेरॉक्स पडून राहणे वेगळे. केवळ ओळख पटवायची असेल तर शेवटचे चारच अंक दाखवणारे आधारही मिळते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. खासगीपणा म्हणजे लपवाछपवी नव्हे. एक शिष्यवृत्ती घेणाऱ्याने दुसरी शिष्यवृत्ती वा विद्यावेतन घेऊ नये, अशी अट काही योजनांत असते. अशा वेळी विद्यावेतनाची गोष्ट शिष्यवृत्ती मंजूर करणाऱ्या कार्यालयाला कळवावीच लागते. दडवली तर वसुलीची पाळी येऊ शकते. म्हणून विद्यार्थ्याला पाठवण्याआधी दोन्ही योजनांचे नियम शिक्षकाने त्याच्यासोबत बसून वाचणे बरे. कार्यालयाला सांगायचे ते कारखान्याला सांगायचे असतेच असे नाही. विश्वासाने सोपवलेल्या वस्तूला अमानत म्हणतात. विद्यार्थ्याचे कागद त्याच जातीचे.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून संमतीविषयीच्या मुख्य तरतुदी त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. संमती ठरावीक कामापुरती व गरजेपुरत्याच माहितीची असावी, हे त्यात स्पष्ट आहे. प्रवेशाच्या वेळी एकदा घेतलेली सरसकट सही त्यात बसणार नाही. कायद्याने अठरा वर्षांखालील व्यक्ती बालक ठरते आणि पालकाची संमती लागते. बारावी होऊन आलेले कित्येक विद्यार्थी सतराच वर्षांचे असतात. तेव्हा संमतीचा कागद पालकाला वाचता येईल अशा भाषेत, आणि कोणता कागद कोणाकडे जाणार ते लिहून, तयार ठेवावा लागेल.