चेतकला एलएमएलचा पार्ट बसतो का?

आजचा भाग जुन्या स्कूटरींवर. सोलापुरात सध्या ओळखीतल्या बऱ्याच पोरांनी घरातली बंद पडलेली बजाज बाहेर काढलीये. कुणाच्या वडिलांची, कुणाच्या आजोबांची. गाडी धुतली, पेट्रोल टाकलं, आणि सगळे एकाच ठिकाणी अडकले. मूळ पार्ट मिळत नाही, आणि कुणीतरी सांगतं, "एलएमएलचा घे की, बसतोय."

घ्यायचा का? काही पार्ट खुशाल घ्या, काहींना हातही लावू नका. कुठला कुठे मोडतो हे कळायला आधी या गाड्यांचं नातं बघावं लागेल.

मूळ गाडी व्हेस्पा. इटलीतल्या पिआज्यो कंपनीने ती १९४६ मध्ये आणली. बजाजने साठच्या दशकात परवाना घेऊन ती इथे बनवायला सुरुवात केली. १९७१ मध्ये परवाना संपला आणि १९७२ मध्ये आली चेतक. नाव राणा प्रतापांच्या घोड्याचं, पण आराखडा व्हेस्पा स्प्रिंटवरून घेतलेला. १९७५ मध्ये साताऱ्यात महाराष्ट्र स्कूटर्स सुरू झाली, तिची गाडी म्हणजे प्रिया. पुढे ऐंशीच्या दशकात कानपूरच्या एलएमएलने थेट पिआज्योशी हात मिळवला. पण तोवर पिआज्यो स्वतःच पुढे गेली होती, पीएक्स हे नवं मॉडेल आलं होतं. एलएमएल व्हेस्पा त्या पिढीची.

मी कोड लिहितो, म्हणून मला हे असं दिसतं: एकाच प्रोजेक्टचे दोन फोर्क. चेतक जुन्या व्हर्जनवरून फुटली, एलएमएल नव्या. फाइलची नावं तीच, आतलं बदललेलं.

हे फक्त स्कूटरचंच नाही. १८५१ च्या कोल्ट रिव्हॉल्व्हरच्या प्रतिकृती आज इटलीत उबेर्ती आणि पिएत्ता या दोन कंपन्या बनवतात. मूळ एकच, म्हणून घेणाऱ्याला वाटतं की एकाचा पार्ट दुसऱ्याला चालेल. पण प्रत्येक कारखान्याची मापं वेगळी, आणि आतले बारीक पार्ट बरेचदा कारागिराला घासून बसवावे लागतात. गंमत म्हणजे यंत्रावर एकसारखे पार्ट बनवण्यासाठी कोल्टचंच नाव गाजलं होतं. तरी जुन्या कोल्टच्या वेगवेगळ्या पार्टांवर तोच नंबर ठोकलेला असायचा, म्हणजे एका बंदुकीचे पार्ट दुसरीत मिसळू नयेत.

आता आपल्या गाडीकडे या. सगळ्यात जास्त फसगत होते पिस्टनमध्ये. चेतकला आपण दीडशे सीसी म्हणतो, पण सिलिंडरचा व्यास ५७ मिलिमीटर, स्ट्रोकही ५७. हिशेब केला तर साधारण १४५ सीसी येतात. पीएक्स पिढीच्या १५० ला व्यास ५७.८. फरक ०.८ मिलिमीटर.

मोठा पिस्टन लहान सिलिंडरमध्ये जाणारच नाही, तिथे प्रश्न मिटला. खरा धोका उलटा आहे. ५७ चा पिस्टन ५७.८ मध्ये आरामात जातो. हाताला वाटतं, बसला! पण पिस्टन आणि सिलिंडरमधली फट मिलिमीटरच्या काही शतांश भागांत मोजायची असते. इथे ती कितीतरी पट झाली. कॉम्प्रेशन निसटतं, पिस्टन भिंतीवर आपटत राहतो, इंजिन खडखडतं. आणि समजा बोअर करून व्यास जुळवला, तरी पिस्टनच्या अंगावरच्या खिडक्या सिलिंडरच्या पोर्टसमोर यायला हव्यात. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल-हवेचं मिश्रण वर जातं ते तिथूनच.

क्रँकचंही तसंच. चेतकच्या इंजिनात क्रँकची चकती फिरता फिरता हवेची वाट उघडते आणि बंद करते. एलएमएलने पुढे काही मॉडेलमध्ये तिथे रीड व्हॉल्व्ह आणला, म्हणजे हे काम एका पातळ पत्तीकडे गेलं. दोन्ही क्रँक शेजारी ठेवले तर भाऊ वाटतील, पण काम एक नाही.

म्हणून मी तीन ढीग करतो.

पहिला, बिनधास्त घ्यायचा: ग्रिप, आरसा, रबर मॅट. फार तर दिसायला बरं दिसणार नाही, जीव जाणार नाही.

दुसरा, मोजून घ्यायचा: पिस्टन, रिंगा, क्रँक, कार्बोरेटर, वायरी, बल्ब. बल्बसुद्धा! जुन्या गाड्या ६ व्होल्टच्या, नंतरच्या १२ च्या. होल्डर तोच असला तरी ६ चा बल्ब १२ वर लगेच उडतो.

तिसरा, अंदाजाने कधीच नाही: ब्रेक, हब, चाक, हँडलचा फोर्क. बजाजमध्येच बघा, सुपरला ८ इंची चाक, चेतकला १०. एकाच कंपनीत एवढा फरक, तर दुसऱ्या कंपनीचं काय सांगावं? इथे जुगाड फसला तर गाडी बंद पडत नाही, थांबतच नाही. पुणे रोडवर मागे ट्रक असताना हे कळून उपयोग नाही.

दुकानात जाताना जुना पार्ट पिशवीत घेऊन जा. शक्य असेल तर व्हर्निअर कॅलिपर न्या आणि समोरच माप घ्या. "बसतो का?" असं विचारू नका. विचारा, "कुठल्या मॉडेलचा? माप किती?" दुकानदार काका वैतागतील, पण चांगला माणूस असेल तर स्वतःच माप काढून दाखवेल. आणि अख्खं इंजिनच बदलायचं ठरलं, तर आरसीवरचा इंजिन नंबर जुळणार नाही. आधी आरटीओत विचारा, मग पाना हातात घ्या.

बसणं आणि जुळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं लक्षात ठेवलं तरी आजोबांची गाडी अजून बरीच वर्षं एमएच-१३ च्या रस्त्यांवर फिरेल. भेटू पुढच्या भागात!