अर्धवट औषध, पक्का रोग

ताप आला, घसा धरला की आपण दवाखान्यात जातो आणि "जोरदार गोळी द्या" अशी मागणी करतो. ही जोरदार गोळी म्हणजे बहुधा प्रतिजैविक, अर्थात अँटिबायोटिक. ते जिवाणूंना मारते. सर्दी-पडसे व फ्लू हे विषाणूंचे आजार असल्याने त्यांवर त्याचा काडीचाही उपयोग नाही. तरीही ते लिहून दिले जाते व आपण समाधानाने घेतो. यात नुकसान काय, हे आम्ही येथे थोडक्यात मांडत आहोत.

रोग्याच्या शरीरातील कोट्यवधी जिवाणूंपैकी एखाद-दुसरा मुळातच एखाद्या औषधाला दाद न देणारा असतो. औषध चुकीचे किंवा अपुरे पडले की दुबळे जिवाणू मरतात. चिवट तेवढे उरतात व वाढतात. म्हणूनच क्षयरोगात एकाच वेळी अनेक औषधे, साधारणतः सहा महिने देतात. एका औषधातून निसटलेला जिवाणू दुसऱ्याच्या तावडीत सापडावा, हा त्यामागील हेतू.

ही शिस्त मोडल्यास काय होते, हे मुंबईने पाहिले. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १०० खाजगी डॉक्टरांनी क्षयरोगावर ८० निरनिराळे उपचारक्रम लिहिल्याचे आढळले. पुढे डिसेंबर २०११ मध्ये हिंदुजा रुग्णालयाचे डॉ. झरीर उदवाडिया व सहकाऱ्यांनी चार रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. तपासलेल्या एकाही औषधाला त्यांचा रोग दाद देत नव्हता. त्यांतील तिघांनी दीड वर्षात सरासरी चार डॉक्टर केले होते. औषधे एकेक करून जोडली गेली, मात्राही अनेकदा चुकीची होती. या रोगाला 'पूर्णतः औषधरोधी' म्हणावे की नाही यावर वाद झाला, पण रुग्ण खरे होते.

असा जिवाणू एका घरात थांबत नाही. खोकल्याबरोबर तो शेजारी जातो. ज्याने एकही गोळी चुकवली नाही त्यालाही गाठतो.

१ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या 'एच-१' अनुसूचीनुसार क्षयरोगाची औषधे व अनेक प्रतिजैविके चिठ्ठीवरच, स्वतंत्र वहीत नोंद करून विकावी लागतात. बँकेत काम करणारे आम्ही नोंदीचे महत्त्व जाणतो. पण नुसत्या वहीने रोग थांबत नाही. देऊळघाटहून बुलढाण्याला दवाखान्यात जायचे तर दिवसाची मजुरी बुडते, म्हणून जुन्या चिठ्ठीवर गोळ्या आणणे सोपे वाटते. ही अडचण खरी आहे. परंतु मागच्या आजाराची गोळी आजच्या आजाराला लागू पडेलच असे नाही.

म्हणून विद्यार्थ्यांनी घरातील वडीलधाऱ्यांची चिठ्ठी वाचून द्यावी. ही गोळी कशासाठी, किती दिवस, हे डॉक्टरांना नम्रपणे विचारावे. सांगितलेले दिवस पूर्ण करावेत आणि उरलेली गोळी दुसऱ्याला देऊ नये. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असल्यास सरकारी दवाखान्यात जावे. तेथे क्षयरोगाची तपासणी व औषधे मोफत मिळतात. आपल्या मुलांना गरज पडेल तेव्हा औषध लागू पडावे, एवढ्यासाठी हे सारे करावयाचे आहे.