जलनेतीचं पाणी
(पाणी आणि आरोग्य : लेखांक ९)

मागच्या लेखांकात आपण गच्चीवरच्या टाकीपर्यंत आलो होतो. नळाच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळं क्लोरीन उरलेलं असावं, असं भारतीय मानक सांगतं. टाकीत पाणी साठून राहिलं, उन्हानं तापलं, की तेवढंही उरत नाही. हेच पाणी आपण नाकात घालतो तेव्हा काय होऊ शकतं, ते आज पाहू.

सर्दी, ॲलर्जी, सायनसचं दुखणं यांवर जलनेतीनं आराम पडतो. कान-नाक-घशाचे डॉक्टरही मिठाच्या पाण्यानं नाक धुवायला सांगतात. क्रिया चांगलीच आहे. चूक होते ती नेतीपात्र थेट नळाखाली धरण्यात.

२०११ साली अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात २८ वर्षांचा एक तरुण आणि ५१ वर्षांची एक बाई मेंदूच्या संसर्गानं दगावली. दोघंही नळाच्या पाण्यानं नेती करत. मारेकरी होता नेग्लेरिया फाउलेरी, गोड्या कोमट पाण्यात राहणारा अमीबा. तपासात तो दोघांच्याही घरातल्या नळ-पाइपांमध्ये सापडला, पण शहराच्या जलवाहिनीत सापडला नाही. मला या घटनेतली ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. म्हणजे पाणी शुद्ध करून सोडणाऱ्यांनी आपलं काम नीट केलं, तरी पुढे घरातल्या पाइपांत आणि गिझरमध्ये या जिवाला थारा मिळू शकतो. ४६ अंशांपर्यंतची ऊब त्याला मानवते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी हाताला कसं लागतं, ते आठवून पाहा. नेतीला कोमट पाणी लागतं म्हणून गिझरचा नळ सोडणारेही पुष्कळ आहेत.

हेच पाणी प्यायलं तर या अमीबाची बाधा होत नाही. नाकाची वाट मात्र वेगळी. नाकाच्या छताशी चाळणीसारखं भोकं असलेलं पातळ हाड आहे, त्यातून वासाच्या नसा मेंदूत जातात. त्याच वाटेनं अमीबा वर चढतो. आजार फार दुर्मीळ आहे, पण जडला तर शंभरातले ९७ हून अधिक रुग्ण दगावतात. कराचीत वजू करताना नाकात ओढलेल्या नळाच्या पाण्यातून असे मृत्यू झाले आहेत. केरळात २०२४ आणि २०२५ मध्ये अमीबाजन्य मेंदूज्वराचे रुग्ण आढळले, तेव्हा तळी आणि विहिरींकडे बोट दाखवलं गेलं.

मिठानं हा जीव मरत नाही. नेतीतलं मीठ नाकाला झोंबू नये म्हणून असतं. घरच्या आरओ यंत्राचं पाणी टाकीत साठलेलं असतं, त्याला निर्जंतुक म्हणता येत नाही. बाटलीबंद पिण्याच्या पाण्याचंही तेच.

पाणी खळखळून एक मिनिट उकळा. दोन हजार मीटरच्या वर तीन मिनिटं उकळावं लागतं, पण १,६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईच्या माथ्यावरसुद्धा आपल्याला एक मिनिट पुरे. मग झाकून कोमट होऊ द्या. घाईघाईत त्यात नळाचं विसण घालू नका, नाहीतर उकळण्याचा सारा खटाटोप वाया. अर्ध्या लिटरला सपाट पाऊण चहाचा चमचा मीठ पुरतं. नेतीपात्रही उकळलेल्या पाण्यानंच विसळा आणि कोरडं करून ठेवा. उकळायला वेळ नसेल त्या दिवशी नेती राहू द्या.

नाकात पाणी गेल्यानंतर साधारण बारा दिवसांच्या आत जोराची डोकेदुखी, ताप, उलट्या, मान आखडणं असं काही जाणवलं, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. २०२४ मध्ये कोझिकोड जिल्ह्यातला १४ वर्षांचा मुलगा यातून वाचला, कारण निदान लवकर झालं आणि मिल्टेफोसिनसह उपचार वेळेत मिळाले. म्हणून डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता आपण होऊन सांगा, की नाकात नळाचं, तळ्याचं किंवा विहिरीचं पाणी गेलं होतं.